लपवलेलं वाचलं

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत. मोठ्या धर्मांच्या धर्मपीठांनी गैरसोयीचे ग्रंथ मुद्दाम दडवून ठेवले आहेत का? ते बाहेर आले तर त्या धर्मांचा पाया हलेल का? आणि वेदांचंही असं काही हरवलं आहे का?

जुन्या पोथ्या वाचणं, त्यांच्या सूची करणं, पाठभेद ताडून पाहणं हे गेली तीसेक वर्षं माझं काम आहे. त्या जोरावर आधी सरळ उत्तर देतो. हरवलेल्या धर्मग्रंथांपैकी जाळल्यामुळे किंवा दडवल्यामुळे गेलेले थोडे. बहुतेक गेले ते पुढची नक्कल कुणी केली नाही म्हणून. उलट जे लपवले गेले, त्यांतले कितीतरी लपवल्यामुळेच आज आपल्या हातात आहेत.

पोथी कशी मरते हे जवळून पाहिलं की कटाच्या गोष्टींवरचा विश्वास आपोआप कमी होतो. ताडपत्राचं एखादं बाड समोर येतं. वरची लाकडी फळी उचलावी तर तिच्याबरोबर तीन-चार पानं चिकटून वर येतात. ओल लागून मधला भाग विटेसारखा घट्ट झालेला असतो. कसर अक्षरांची पर्वा न करता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळणं घेत गेलेली असते. पान उजेडासमोर धरलं की तिचा रस्ता दिसतो. दोरा ओवायच्या भोकापाशी पान तडकलेलं असतं. आणि जवळजवळ दर वेळी पहिलं आणि शेवटचं पान गायब असतं, कारण बाहेरचा मार तीच पानं खातात. ग्रंथाचं नाव, कर्त्याचं नाव, लेखनाचा शक हे सगळं नेमकं त्या शेवटच्या पानावर, पुष्पिकेत असतं. म्हणजे मजकूर शिल्लक, पण तो कशाचा हे सांगणारं कुणी नाही. या बाडाला कुणीही हात लावलेला नसतो. हात न लावणं हेच त्याचं मरण ठरतं.

लेखनिकांना हे पक्कं ठाऊक होतं. पोथीच्या शेवटी ते पोथीच्याच तोंडी एक श्लोक घालत: तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम् ॥ तेल, पाणी, सैल बांधणी आणि अडाण्याचा हात. शत्रूंच्या या यादीत राजा नाही, धर्मपीठ नाही, आगही नाही. दमट हवेत ताडपत्र काही शतकं काढतं, मग त्याची नवी नक्कल करावीच लागते. ती करायला कुणी पुढे आलं नाही, की ग्रंथ संपला. जगातले जुने लिखित अवशेष ईजिप्त, मृत समुद्राचा काठ, चीनमधलं तुर्फान आणि दुन्हुआंग अशा कोरड्या जागीच का मिळतात, याचंही कारण हेच आहे. तिथल्या लोकांनी जास्त लिहिलं असं नाही, तिथली हवा कमी खाते.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो मला सगळ्यांत जवळचा आहे. वेदांचं हरवलं आहे, आणि फार मोठं हरवलं आहे. पतंजलीने महाभाष्यात शाखांची, म्हणजे वेद जपणाऱ्या वेगवेगळ्या पाठपरंपरांची, मोजणी दिली आहे: यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १०००, ऋग्वेदाच्या २१ आणि अथर्ववेदाच्या ९. हजार हा आकडा शब्दशः घ्यायचा की नाही यावर वाद होऊ शकतो, पण आज सामवेदाच्या संहिता उरल्या आहेत त्या कौथुम, राणायनीय आणि जैमिनीय अशा तीन शाखांच्या. बाकीच्या कुणी जाळल्या नाहीत. वेद तोंडात राहत होता. म्हणणाऱ्यांची शेवटची पिढी गेली की शाखा गेली, आणि ती गेल्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही.

अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. आपण छापील अथर्ववेद उघडतो तो शौनक शाखेचा, आणि त्याची सुरुवात 'ये त्रिषप्ताः' अशी आहे. पण पतंजली चार वेदांचे आरंभ सांगताना 'अग्निमीळे', 'इषे त्वोर्जे त्वा' आणि 'अग्न आयाहि वीतये' यांच्या जोडीला 'शं नो देवीरभिष्टये' देतो. हा मंत्र शौनक संहितेत आहे, पण आरंभी नाही, सहाव्या सूक्तात. मग पतंजली चुकला का? एकोणिसाव्या शतकात काश्मीरमधून शारदा लिपीतली भूर्जपत्राची एकच पोथी जर्मनीत ट्युबिंगेनला रुडॉल्फ रोथ यांच्याकडे पोहोचली. ती पैप्पलाद शाखेची होती. १९०१ साली तिच्या पानांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली. पाठ अतिशय भ्रष्ट, आणि पहिलं पानच नव्हतं! ज्या एका पानावर उत्तर होतं, तेच गळालेलं.

पुढे १९५७ साली दुर्गामोहन भट्टाचार्य यांना ओडिशात याच शाखेच्या ताडपत्री पोथ्या मिळाल्या. नुसत्या पोथ्या नाहीत, स्वतःला पैप्पलादी म्हणवणारी ब्राह्मण कुटुंबंही तिथे होती. ज्या ग्रंथाला विद्वान जवळजवळ लुप्त समजत होते, तो काही घरांतून सांभाळला जात होता. पहिलं कांड १९६४ साली छापून आलं आणि त्याच्या पहिल्या ओळीत 'शं नो देवीरभिष्टये' होतं. पतंजली बरोबर होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि आजही येतो.

म्हणून 'हरवलेला' हा शब्द वापरताना एक गोष्ट विचारावी: कुणासाठी हरवलेला? हनोखचा ग्रंथ या प्राचीन यहुदी ग्रंथाचंच बघा. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्याचा उतारा आहे, तरी युरोपात तो ग्रंथ शतकानुशतकं मिळत नव्हता. १७७३ साली जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने इथिओपियाहून त्याच्या प्रती आणल्या. इथिओपियाच्या ख्रिस्ती मंडळींच्या दृष्टीने तो कधी हरवलाच नव्हता. त्यांच्या बायबलात तो होता आणि आहे. पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत त्याचेच ॲरमाइक तुकडे निघाले.

बौद्ध ग्रंथांचं तर मोठं भांडार असंच परक्या घरी राहून टिकलं. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीचं 'प्रमाणवार्तिक' भारतात नाहीसं झालं होतं, तिबेटी भाषांतरातून त्याची ओळख होती. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात तिबेटच्या चार वाऱ्या केल्या आणि तिथल्या मठांत मूळ संस्कृत ताडपत्रं शोधून काढली. दुन्हुआंगच्या गुहेत अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतीआड बंद झालेला साठा १९०० साली उघडला, आणि त्यातूनच वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राची ८६८ सालची छापील प्रत मिळाली.

आता खरोखर लपवलेल्या ग्रंथांकडे येऊ. इथे हेतू वेगवेगळे असतात आणि ते एकत्र कालवले की घोटाळा होतो.

एक हेतू पावित्र्याचा. मूडबिद्रीच्या जैन मठात 'षट्खंडागम' आणि त्यावरची वीरसेनांची 'धवला' टीका यांच्या हळेकन्नड लिपीतल्या ताडपत्री प्रती होत्या. दिगंबर परंपरेत महावीरांच्या मूळ उपदेशाशी थेट नातं सांगणारा हा ग्रंथ. गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना तो शिकवला, असं परंपरा सांगते. शतकानुशतकं भाविकांना त्याचं फक्त दर्शन मिळे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला सुरू झाल्या आणि १९३९ साली डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला. पूर्ण काम सोळा खंडांचं झालं. वाचू दिलं नाही म्हणून आपण मठाला नावं ठेवू शकतो. पण त्याच मठाने तो जपला नसता तर छापायला काहीच उरलं नसतं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि त्यांतली एकही सोडवत नाही.

दुसरा हेतू पंथरक्षणाचा. महानुभावांनी आपलं वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडून दाखवली. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, असं पंथपरंपरा सांगते. कुणाला एखादी लीळा वेगळी आठवत असेल तर तो पाठभेद 'अमक्याची वासना' म्हणून मजकुरातच नोंदवला जाई. इतका प्रामाणिकपणा मोठमोठ्या छापील आवृत्त्यांतही कमी दिसतो. याच्याशेजारी ज्ञानेश्वरी ठेवून बघा. ती सर्वांची, सर्वांच्या तोंडी, घरोघर नकललेली. परिणामी तिच्यात इतके पाठ शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. लोकप्रिय ग्रंथ मरत नाही, पण बदलत राहतो. बंद पेटीतला ग्रंथ फारसा बदलत नाही, मात्र पेटी हरवली तर सगळाच जातो.

तिसरा हेतू यहुदी गनिझाचा, आणि तो मला सर्वांत हृद्य वाटतो. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही, झिजला तरी नाही. तो एका कोठडीत ठेवायचा आणि पुढे पुरायचा. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये पुरायचं राहूनच गेलं आणि शेकडो वर्षांत तिथे लाखो तुकडे साचले. १८९६ साली ॲग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी आणलेल्या एका पानात सॉलोमन शेक्टर यांनी बेन सिरा या प्राचीन यहुदी बोधग्रंथाचा हिब्रू मजकूर ओळखला. त्यानंतर ते स्वतः कैरोला गेले आणि पावणेदोन लाखांहून जास्त तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यांत एका अज्ञात पंथाचे नियम सांगणारा ग्रंथ होता. पन्नासेक वर्षांनी कुमरानच्या गुहांत त्याच ग्रंथाच्या, कैरोतल्या तुकड्यांहून हजारएक वर्षं जुन्या, प्रती निघाल्या.

चौथा हेतू खरंच भीतीचा असू शकतो. डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या ईजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका रांजणात कॉप्टिक भाषेतल्या तेरा वह्या मिळाल्या, चामड्याच्या वेष्टणात, एकूण ५२ प्रकरणं. येशूची ११४ वचनं असलेलं थॉमसचं शुभवर्तमान त्यातलंच. एका वहीचं वेष्टण कडक करण्यासाठी आत जी रद्दी भरली होती तिच्यावर ३४१, ३४६ आणि ३४८ या सालांच्या तारखा आहेत. म्हणजे वही त्यानंतर बांधली. ३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी पत्र पाठवून नव्या कराराचे २७ ग्रंथ ठरवून दिले आणि बाकीच्या 'गुप्त' ग्रंथांपासून दूर राहायला सांगितलं. त्या पत्रानंतर कुणीतरी वह्या पुरल्या असाव्यात, हा अंदाज अनेकांना पटतो. तसं असेल तर पुरणाऱ्याने आज्ञा मोडली आणि ग्रंथ वाचवला.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नामागे बहुधा तोच असतो. ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत कोणते ग्रंथ ठेवायचे आणि कोणते जाळायचे हे ठरलं नाही. तिथे येशूच्या देवत्वाविषयीचं एरियसचं मत, ईस्टरची तारीख आणि मंडळीच्या शिस्तीचे वीस नियम यांवर निर्णय झाले. व्हॅटिकनच्या 'गुप्त' दप्तरखान्याचंही तसंच. त्या नावातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ खासगी, म्हणजे पोपचं स्वतःचं दप्तर. १८८१ पासून ते संशोधकांना खुलं आहे आणि २०१९ साली नावातूनही तो शब्द काढला गेला.

मग ग्रंथ कधी मुद्दाम नष्ट केले गेले का? हो. पण त्याची नोंद बहुधा त्या धर्मातच उघड सापडते. तिसरे खलिफा उस्मान यांनी सुमारे ६५० च्या सुमारास कुराणाची प्रमाण संहिता तयार करवून बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या, हे खुद्द बुखारींच्या हदीस संग्रहात आहे. १९७२ साली येमेनमधल्या सना इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या चर्मपत्रांचा ढीग निघाला. त्यातल्या काही पानांवर खरवडून पुन्हा लिहिलेलं होतं. आपल्याकडे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून त्यावर नवं अक्षर लिहीत; 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. चर्मपत्रावर चाकूने शाई खरवडतात, पण ती पूर्ण जात नाही. अतिनील प्रकाशात खालचा थर दिसतो. सनाच्या खालच्या थरात सुऱ्यांचा, म्हणजे कुराणातल्या अध्यायांचा, क्रम वेगळा आहे, काही शब्द वेगळे आहेत. पण तो ओळखू येतो कुराण म्हणूनच. वेगळा धर्म सांगणारा मजकूर तिथे नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या उदाहरणात बरंचसं आलं. उरलेलं कुमरानमध्ये मिळतं. तिथली यशया या बायबलमधल्या ग्रंथाची मोठी गुंडाळी सात मीटरहून लांब आहे, ५४ रकान्यांची. ती सापडेपर्यंत हिब्रू बायबलची सर्वांत जुनी पूर्ण प्रत अकराव्या शतकाच्या सुरुवातीची होती. मध्ये हजार वर्षं. ताडून पाहिल्यावर फरक निघाले ते बहुतांश शुद्धलेखनाचे आणि बारीकसारीक शब्दांचे. इतकं स्थिर! पण त्याच गुहांत यिर्मयाचा ग्रंथ लांब आणि आखूड अशा दोन रूपांत मिळाला. आणि शमुवेलच्या एका प्रतीत एक अख्खा परिच्छेद जास्तीचा निघाला. अम्मोनी राजा नाहाश आपल्या ताब्यातल्या लोकांचे उजवे डोळे काढत असे, अशी ती हकिगत. बायबलमध्ये पुढे तो याबेशच्या लोकांना अचानक तीच धमकी देतो आणि का ते कळत नाही. या परिच्छेदाने ते कळतं. पुष्कळ अभ्यासकांचं मत असं की प्राचीन काळी एखाद्या लेखनिकाची नजर एका ओळीवरून पुढच्या ओळीवर घसरली आणि परिच्छेद गळाला. नक्कल करताना ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू झाल्या की हमखास होते. १९८९ च्या एका इंग्रजी भाषांतराने हा परिच्छेद मजकुरात परत घेतला. याने कुणाची श्रद्धा ढळली नाही. मात्र एकच मूळ, अक्षरशः निर्दोष प्रत होती ही कल्पना टिकत नाही.

पारशी धर्माचं नुकसान याहून फार खोल आहे. अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथाचे एकवीस नस्क, म्हणजे भाग, होते. नवव्या शतकातल्या 'देनकर्द' या पारशी ग्रंथामध्ये त्यांचा सारांश आहे, म्हणून काय गेलं ते तरी कळतं. पूर्ण टिकला तो वेंदिदाद हा एकच नस्क. तिसऱ्या शतकातल्या मानी या धर्मसंस्थापकाचा धर्म तर आख्खा गेला. एके काळी तो रोमपासून चीनपर्यंत पसरला होता. मानीच्या चरित्राची एक ग्रीक वही आज जर्मनीत कोलोनला आहे. तिचं पान जेमतेम साडेचार सेंटीमीटर उंच, आणि त्यावर तेवीस ओळी. काडेपेटीएवढी ती वही पाहिली की लपवून बाळगणं म्हणजे काय हे शब्दांशिवाय समजतं.

शेवटी एक सावधगिरी. हरवलेल्या ग्रंथांची ओढ जितकी मोठी, तितकी बनावटीची बाजारपेठ मोठी. अठराव्या शतकात 'एझूर्वेदम्' नावाचं फ्रेंच हस्तलिखित व्हॉल्टेअरसारख्या माणसाने प्राचीन भारतीय ग्रंथ म्हणून स्वीकारलं. तो मिशनऱ्यांच्या वर्तुळात रचलेला मजकूर होता. येशू भारतात राहिला असं सांगणारी पोथी लडाखच्या हेमिस मठात पाहिल्याचा दावा नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली केला. पुढच्याच वर्षी डग्लस नावाचे प्राध्यापक तिथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी नसल्याचं आणि असा पाहुणा आला नसल्याचं सांगितलं. ती गोष्ट आजही फिरते. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे सोळाच्या सोळा तुकडे बनावट असल्याचं २०२० साली जाहीर झालं.

म्हणून नवा 'शोध' कानावर आला की मी तीन गोष्टी विचारतो. वस्तू कुठून, कुणाच्या हातून आली? मूळ पानांची छायाचित्रं इतरांना पाहायला मिळतात का? आणि मजकुरात त्या काळाला न शोभणारा शब्द आहे का? कार्बनचाचणी पान किती जुनं ते सांगते, शाई नाही. जुनं कोरं पान मिळवणं अवघड नसतं.

खऱ्या वस्तूंचंही बाजारात काय होतं, ते येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या नावावरच्या शुभवर्तमानाने दाखवलं. १९७०च्या दशकात ईजिप्तमध्ये मिळालेली ती वही विक्रेत्याने अमेरिकेत बँकेच्या लॉकरमध्ये सोळा वर्षं ठेवली. नंतर एका खरेदीदाराने ती चक्क फ्रीझरमध्ये ठेवली. सोळाशे वर्षं वाळूने सांभाळलेली पानं काही वर्षांत भुगा झाली. २००६ साली मजकूर प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात कायमची भगदाडं होती.

तुमच्याकडे जुनी पोथी असल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, म्हणून एवढं सांगतो. चिकटलेली पानं सोडवू नका. तेल, पावडर, चिकटपट्टी काही लावू नका. आहे त्या क्रमात ठेवा, क्रम चुकीचा वाटला तरी. सुती कापडात बांधा, घट्ट पण आवळून नाही. आणि बांधण्याआधी शेवटच्या पानाचा फोटो तिरप्या उजेडात काढून मला पाठवा. पहिलं नाही, शेवटचं. पुष्पिका शाबूत असेल तर पोथी कशाची, कुणी आणि कोणत्या शकात लिहिली, हे तिथूनच कळेल.